पाऱ्याच्या दिव्याची वही

सर, ते पत्र पाकिटात घालून, डिंक लावून, जोडावर आडवी सही करून झाल्यावर तुम्ही माझ्या तळहातावर दही-साखर का ठेवलीत? तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मी एकेक करून मिळवली, काहींची तर पुराव्यासकट. हा एवढा एक राहिला आणि तो विचारायला आता कुणी उरलेलं नाही. तुम्हाला माफ करायचं माझ्या मनात नाही, हे आधीच सांगते. नाहीतर पत्राच्या शेवटी काहीतरी ओलं येईल म्हणून तुम्ही वाट बघत बसाल. तुम्हाला ती सवय होती, विद्यार्थी शेवटी पायाशी येतातच अशी.

माधव नगरमधलं तुमचं स्वयंपाकघर मला आत्ता इथे बसूनही जसंच्या तसं दिसतं. सकाळची वेळ आहे. काकू देवपूजेला बसल्या आहेत, आतून घंटेचा आवाज येतोय. तुम्ही स्वतः फ्रिज उघडून दह्याची वाटी काढता, साखरेचा डबा सापडत नाही म्हणून दोन झाकणं उघडून बघता. एकात मोहरी निघते. मी हसते, तुम्हीही हसता. मग चमचाभर दही, वर साखर, माझ्या हातावर. दही इतकं गार होतं की बोटं आखडली. "मुलाखतीला कोरड्या तोंडानं जाऊ नये," तुम्ही म्हणालात. "पत्र कालच लिहिलं, लॅबमधून घरी आलो ते थेट टेबलावर बसलो." जोडावरच्या सहीखाली तारीखही कालचीच होती. पाकीट फाइलमध्ये ठेवताना मी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, प्रसादासारखं. तुम्ही म्हणालात, "फोडायचं नाही, हे तुला सांगायला नको." मी म्हणाले, "नाही सर." त्यावर तुम्ही म्हणालात, "ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्या हातात देतोय." तेव्हा मला वाटलं, आयुष्यात इतकी मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही. मी वाकून नमस्कार केला. तुमच्या पायाला दह्याचं बोट लागलं, ते मी ओढणीनं पुसलं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आजोबा खानदेशातून रेल्वेत खलाशी म्हणून इकडे हिंदी मुलखात आले आणि इथलेच झाले. बाबा नववीत शाळा सोडून भैरवगढच्या छपाईच्या कारखान्यात लागले, अजून तिथेच रंग कालवतात. माझी बी.एस्सी.ची मार्कशीट त्यांनी टावर चौकातल्या दुकानातून लॅमिनेट करून आणली होती, आणि दुकानदाराला सांगितलं होतं, "संभालके, घरातली पहिली आहे." तुमचे पूर्वज दरबाराच्या दफ्तरात होते. तुमच्या तोंडची मराठी ऐकून आपण घरी जे बोलतो ते काय आहे, असं मला वाटायचं. पण एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला लॅबची किल्ली दिलीत आणि शाईचं पेन दिलंत, तुमच्या खिशातलं. "पेन्सिलीनं रीडिंग लिहिणारा माणूस खोटं बोलायची सोय करून ठेवतो," तुम्ही म्हणालात. आणि दुसरा नियम: चुकलं तर खोडायचं नाही, गिरमिटायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. चूक कुठे झाली हे पुढच्याला दिसलं पाहिजे. मी त्या दोन नियमांवर जीव ओवाळून टाकला होता सर. बाबा रंग नेहमी उन्हात नेऊन बघतात, ट्यूबलाइटखाली बघणारा फसतो म्हणतात. मला वाटलं, मी अशाच एका उन्हाच्या जागी आले आहे.

एम.एस्सी. झाल्यावर वर्षभर मी तुमच्याच प्रकल्पावर काम करत होते. काचेवर चढवलेला पातळ थर कुठल्या रंगापासून प्रकाश गिळायला लागतो, एवढंच लॅबमधल्या जुन्या यंत्रावर मोजायचं होतं. तुमचे दोन शोधनिबंध त्याच थरांवर होते, तुमच्या दोन विद्यार्थ्यांच्या पीएच.डी. त्याच आकड्यांवर झाल्या होत्या. माझे आकडे त्या जुन्या आकड्यांशी जुळत होते, आणि तेच मला खटकत होतं, कारण थराचा रंग डोळ्यांना दिसत होता तो त्या आकड्यांत बसत नव्हता. म्हणून मी पाऱ्याचा दिवा लावला. पाऱ्याच्या प्रकाशात एक हिरवी रेघ असते, ती जगात कुठेही पाचशे शेहेचाळीस नॅनोमीटरवरच दिसते. आपल्या यंत्राच्या डायलवर ती पाचशे एकोणचाळीसवर दिसली. मी तीनदा बघितलं. मग तुमच्याकडे आले.

"सर, डायल सरकली आहे. सातनं कमी दाखवते."

तुम्ही उत्तरपत्रिका तपासत होतात, मान वर केली नाहीत. "किती वर्षं आहे ते यंत्र इथे?"

"माहीत नाही सर."

"तू चौथीत असशील तेव्हापासून. इतकी वर्षं बरोबर होतं, आणि तू आलीस तसं सरकलं?"

"इमारत बदलली तेव्हा हलवलं असेल ना सर. स्क्रू ढिला आहे. तुम्ही एकदा दिवा लावून बघा फक्त."

"भैरवगढला वडिलांना सांगतेस का असं, की लाल लाल नाही म्हणून?" तुम्ही म्हणालात आणि समोर बसलेले दोघे प्राध्यापक हसले. मीही हसले, हे मला आज जास्त झोंबतं. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "आकडे जसे येतात तसे लिही. शहाणपण नको."

मी दोन्ही लिहिले. यंत्रावर येणारा आकडा एका रकान्यात, सात मिळवलेला शेजारी, वर कारण लिहून, शाईनं. पुढच्या आठवड्यात वही तुमच्याकडून परत आली तेव्हा दुसऱ्या रकान्यावर पांढरा रंग फासलेला होता. पानामागून पान. मी वही उजेडाकडे धरली तर माझे आकडे मागून उलटे दिसत होते. मी तुम्हाला काही विचारलं नाही. मला वाटलं, सर मोठे आहेत, त्यांना काहीतरी दिसत असेल जे मला दिसत नाही. असं वाटणारी मी एकटी नव्हते, तुमच्या खोलीत सगळेच तसे होते.

मग ती संशोधन संस्थेची मुलाखत. रेल्वेत रात्रभर मी फाइल छातीशी धरून बसले, पाकीट दुमडेल म्हणून आडवी झाले नाही. सकाळी पाच जणांपुढे बसले. अध्यक्षांनी पाकीट फोडलं, वाचलं, शेजारच्या बाईंकडे सरकवलं. त्या बाईंनी वाचून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही रीडिंग बदलता का?" सर, मला आनंद झाला. मला वाटलं, तुम्ही डायलची गोष्ट पत्रात लिहिलीत, तुम्हाला पटलं. मी सरळ बसून म्हणाले, "होय मॅडम, बदलते. प्रत्येक रीडिंगमध्ये सात मिळवले." हसत म्हणाले. पुढचं काही कुणी ऐकलं नाही. यंत्र, दिवा, हिरवी रेघ हे सगळं मी सांगत होते आणि अध्यक्ष घड्याळ बघत होते. दहा मिनिटांत बाहेर. त्या यादीत माझं नाव नव्हतं, पुढच्या दोन ठिकाणीही नव्हतं, कारण तिथेही पत्र तुमचंच होतं. ते तुम्ही पोस्टानं पाठवलंत, तेव्हा दही नव्हतं.

घरी बाबांना सांगितलं की आता पीएच.डी. होत नाही, पिथमपूरच्या एका कंपनीतून बोलावणं आलंय, रंग मोजायची यंत्रं बनवतात. मी रडत होते. बाबा म्हणाले, "अगं, तर काय झालं? प्रायव्हेट म्हणजे चोरी थोडीच आहे. मी तर जिंदगीभर प्रायव्हेटच आहे." आई आतून म्हणाली, "तुमचं सोडा, ती शिकलेली आहे." बाबा म्हणाले, "म्हणून तर आधी मशीन मिळतेय तिला. मला सरळ बालटी दिली होती." मी रडता रडता हसले. पण आत मला तेव्हा खरंच लाज वाटत होती. विज्ञान करणारे आत राहतात आणि विकणारे बाहेर, असं मी तुमच्याकडूनच शिकले होते. लॅबची किल्ली परत करायला आले तेव्हा तुम्ही ती ड्रॉवरमध्ये टाकलीत आणि म्हणालात, "शेवटी दुकानातच गेलीस." एवढंच. पुढे बघत राहिलात. मी पाया पडून निघाले.

दुकानात काय झालं ते सांगते. पहिल्या दिवशी मालकांनी माझ्यापुढे एक बिघडलेलं यंत्र ठेवलं आणि म्हणाले, "काय झालंय ते सांगा. दुरुस्त करू नका, फक्त सांगा." मी दिवा मागितला. पाऱ्याचाच. दुपारपर्यंत यंत्र किती चुकतं आणि कुठे चुकतं ते कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, खिशात ठेवला आणि माझी पदवी, पत्रं, काहीच विचारलं नाही. आता त्या खोलीची मी प्रमुख आहे. आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत एक दाखला जातो, त्यात ते यंत्र किती चुकतं ते लिहिलेलं असतं आणि खाली माझी सही. चूक लिहून त्याखाली सही करायची, हे माझं रोजचं काम आहे सर. तुमच्या खोलीत त्यावर पांढरा रंग फासत होते. कापडगिरण्यांतले, रंगाच्या कारखान्यांतले लोक येतात आणि विचारतात, "मॅडम, कितना फरक है?" त्यांना खरा फरकच हवा असतो, कारण खोट्या फरकावर त्यांचा माल परत येतो. मी ज्या उन्हाच्या जागेच्या शोधात होते ती अशी पत्र्याच्या शेडमध्ये सापडली.

कंपनीत मला वर्ष झालं आणि तुम्ही गेलात. मी सुट्टी काढून उठावण्याला, तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेला, आले होते. तुमच्या फोटोसमोर रडले. खरंच रडले, आणि ते रडणं मला आता परत हवं आहे. कारण पुढे पाच वर्षांनी आमच्या कंपनीत यंत्र तपासून घ्यायला एक बाई आल्या, आणि त्या त्याच मुलाखतीतल्या निघाल्या. त्यांनी मला ओळखलं नाही, मी ओळखलं. दिवसभर त्यांनी माझं काम बघितलं. निघताना मी आठवण करून दिली, तेव्हा त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "त्या तुम्ही? पण तुमच्या सरांनी तर लिहिलं होतं, मुलगी मेहनती आहे, पण स्वतःच्या सोयीनं रीडिंग बदलते, विश्वास ठेवू नये. मी विचारलं तर तुम्ही हसत हो म्हणालात. आम्हाला वाटलं, केवढी ही निर्लज्ज मुलगी." सहा वर्षं मी समजत होते की मीच कमी पडले.

त्यानंतर मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ बोलले. पण मोजणाऱ्या माणसाला रागातही एक खोड असते. कुणी सांगावं, सरांना खरंच वाटलं असेल की यंत्र बरोबर आहे आणि पोरगी खोटी आहे. खोटा माणूस वेगळा आणि चुकलेला माणूस वेगळा. एवढ्या एका शंकेवर मी तुम्हाला चार वर्षं जामीन दिला होता.

या महिन्यात विभागप्रमुख मॅडमचा फोन आला. लॅबला तुमचं नाव देणार आहेत, काकूंच्या हस्ते. तुमचं ते जुनं यंत्र दारापाशी काचेच्या कपाटात ठेवायचं आहे. "तुम्ही त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनी," मॅडम म्हणाल्या, "यंत्राची साफसफाई बघा आणि दोन ओळींचं कार्ड लिहा, आपकी लिखावट अच्छी है." मी हो म्हणाले. काल आले. स्टोअरमध्ये जुने शिपाईकाका होते, यंत्रावरची गोणी काढत म्हणाले, "मैडम, ये तो कबाड़ में जा रहा था, साहब के नाम से बच गया." मी म्हणाले, "साहब भी इसी के नाम से बचे थे." ते समजून हसले की न समजून, माहीत नाही.

यंत्र पुसून झाल्यावर मी दिवा शोधला. तो आपल्या लाकडी पेटीत होता, पेटीत त्याची वहीही होती. दिव्याचं आयुष्य तासांत असतं, म्हणून जो दिवा लावेल त्यानं तारीख, मिनिटं आणि हिरव्या रेघेचा आकडा वहीत लिहून सही करायची, हा तुमचाच नियम. दिवा लावला, आधी जांभळट झाला, मग पांढराशुभ्र. डायल मी हळूहळू फिरवत होते. एक गोष्ट कबूल करते: मला भीती वाटत होती, रेघ पाचशे शेहेचाळीसवर दिसेल याची. इतकी वर्षं जो राग धरून ठेवला तो कुठे ठेवायचा मग? रेघ पाचशे एकोणचाळीसवर आली. स्क्रू ढिलाच होता, कुणी हात लावलेला नव्हता.

मी नोंद करायला वही उघडली. दिवा लावला की नोंद करायची, हात आपोआप जातो. शेवटची नोंद माझी असायला हवी होती. ती नव्हती. माझ्याखाली आणखी एक होती, निळ्या शाईत, तुमच्या सरळ उभ्या अक्षरात. बारा मिनिटं. हिरवी रेघ पाचशे एकोणचाळीस. खाली सही. आणि तारीख पाकिटाच्या जोडावरची.

म्हणजे तुम्ही बघितलंत. मी सांगितलं तसा दिवा लावलात, रेघ बघितलीत, आकडा लिहिलात, सही केलीत, घरी गेलात आणि थेट टेबलावर बसून लिहिलंत की या मुलीवर विश्वास ठेवू नये. माझ्या वहीवर पांढरा रंग फासताना तुमचा हात अडला नाही, पण दिव्याच्या वहीत खोटं लिहायला तो धजला नाही. एक पान फाडता आलं असतं. फाडलं नाहीत. का, ते मला माहीत नाही, आणि त्याचा विचार करत बसायची माझी इच्छाही नाही. तुमचा जामीन मी काल दुपारी रद्द केला.

आज सकाळी काकूंना भेटून आले. त्या थकल्या आहेत, पण ओळखलं. "ते तुझं नाव काढायचे गं," म्हणाल्या, "आपल्या हातचं पोर गेलं म्हणायचे." त्यांच्यामागे तेच स्वयंपाकघर दिसत होतं, फ्रिज नवा आहे. त्यांनी चहा दिला, तो मी घेतला. म्हणाल्या, "उद्या तू दोन शब्द बोल त्यांच्यावर."

"लिहून ठेवते काकू," मी म्हणाले.

"तू लिहिशील ते बरोबरच असेल," त्या म्हणाल्या. तिथून उठताना मला जड गेलं. तरी उठले.

आता घरी बसून हे लिहिते आहे. बाबा बाहेर ओट्यावर बसलेत, उद्या घालायचा शर्ट उन्हात धरून डाग बघतायत. त्यांना वाटतं, उद्या माझ्या सरांचा मान आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. हे त्याच दिव्याच्या पेटीतही जाणार नाही, कारण तिथे फक्त मोजलेलं ठेवतात. जे करायचं ते मी माधव नगरहून परत येताना करून आले आहे. यंत्र कपाटात ठेवलं. स्क्रू हातभर अंतरावर होता, पेचकस माझ्या पर्समध्ये होता, पण डायल मी जशी होती तशीच सोडली. यंत्राशेजारी दिव्याची वही ठेवली, त्या पानावर उघडून, वर दोन चिमटे लावून. खाली कार्ड. तुमचं पेन माझ्याजवळ अजून आहे, पण कार्ड मी कंपनीच्या साध्या बॉलपेननं लिहिलं, हिंदीत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावं म्हणून. यह यंत्र सात नैनोमीटर कम बताता है। सर को यह मालूम था।

मग काकू आठवल्या. चहा आठवला. दुसरं वाक्य मी खोडलं, कुलूप लावलं आणि किल्ली शिपाईकाकांच्या हातात दिली. तिथे ढीगभर कोरी कार्डं पडली होती सर, नवीन लिहिता आलं असतं. मी त्या वाक्यावर एकच आडवी रेघ मारली, तुम्ही शिकवली तशी. खालचं वाचता येतं.